उजव्या कोपऱ्याचा गुडघा

आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या कबड्डी संघात दुखापत खेळाडूला होत नाही, जागेला होते. खेळाडू जागा सोडते तेव्हा धडधाकट होऊन जाते, आणि तिच्या जागी जी उभी राहते तिला ते दुखणे लागते. इतर महाविद्यालयांत काय पद्धत आहे, याची मी चौकशी केलेली नाही.

उजव्या कोपऱ्याकडे गुडघा आहे. माझ्या आधीच्या क्रीडाशिक्षकांच्या काळात एका पकडीत तो मुरगळला. ज्या मुलीच्या पायात तो मुरगळला ती आज दोन मुलांना घेऊन डोंगरावरच्या देवीला जाते. गुडघा आमच्याकडे राहिला. डाव्या मध्यरक्षकाकडे खांदा आहे, मधल्या जागेकडे दोन बोटे. गावातले हाडांचे डॉक्टर मुलीला नाव विचारत नाहीत. "कुठली जागा?" एवढेच विचारतात आणि जुना एक्स-रे उजेडात धरतात. मुली बदलल्या तरी नवा काढावा लागत नाही.

जागा सोपवण्याची रीत साधी आहे. जाणारी विचारते, "घेतेस?" येणारी म्हणते, "घेते." दोघी मैदानाच्या मातीला हात लावून तो कपाळाला लावतात. संमतीवाचून दुखापत हलत नाही. जी कोणाला न सोपवता निघून जाते तिच्याबरोबर दुखापतही घरी जाते. हंगामाचा शेवटचा सामना संपला की जागा गोठतात, आणि ज्याचे त्याच्याकडे राहते ते पुढल्या हंगामापर्यंत राहते.

देव खांदा पाहून भार देतो, असे म्हणतात. माझ्या पाहण्यात तो जागा पाहून देतो. खांदा त्या जागी नंतर येतो.

गेल्या वर्षी संघातील पाच जाणत्या मुली एकदमच पदवीधर झाल्या. त्यांनी आपापल्या जागा नियमाप्रमाणे सोपवल्या, आणि घेणाऱ्या पाचही पहिल्या वर्षाच्या होत्या. त्या आधी दुखणे शिकल्या, खेळ नंतर शिकणार होत्या. उजव्या कोपऱ्यात तेवढी उर्मिला खिलारे उरली होती, आणि चढाईला कर्णधार केतकी शिंत्रे. चढाई करणारीला जागा नसते. ती जाते आणि येते. त्यामुळे केतकीकडे काहीच नव्हते. तिची सर्व गात्रे तिची स्वतःची होती. वर्तमानपत्रात नावही तिचेच येई.

बाकीच्यांचे काम साखळीचे. शेजारणीचा हात घट्ट धरून उभे राहायचे, समोरची चढाई करणारी आत आली की एका पावलाने सरकायचे आणि तिला वेढून धरायचे. यात शौर्य फारसे नसते, एकमत लागते. या मुलींचे एकमत होईना. डावीकडच्या यास्मिन मुजावरचा खांदा दुखे म्हणून ती आत ओढी. मधलीची बोटे दुखत म्हणून ती हात सैल धरी. आणि उजवीकडे उर्मिला लंगडत येई. दुखणाऱ्या अंगाला प्रत्येकजण जपत होती, आणि शेजारीण कशाला जपते आहे हे कळण्याइतका सराव कोणालाच नव्हता. साखळी रोज तुटे.

"अगं, हात का सोडलास?" उर्मिला विचारी.

"ताई, सोडला नाही, सुटला."

"सुटला म्हणजे काय? तो काय बकरी आहे?"

मग ती त्यांना पुन्हा उभी करी. तिचे शिकवणे एका वाक्याचे होते. "काहीही होऊ दे, हात सोडायचा नाही. छप्पर पडलं तरी नाही." मैदानाला छप्पर नव्हते, पण मुलींना अर्थ कळे.

अंतिम सामना शनिवारी होता. त्यापुढल्या सोमवारी उर्मिलाची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. भरती बऱ्याच वर्षांनी निघाली होती, आणि पुन्हा कधी निघेल हे निघेपर्यंत कोणी सांगत नाही. तिचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले होते, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाई, पाठीवर दोन बहिणी होत्या. चाचणीत मैदानाच्या दोन फेऱ्या धावायच्या होत्या. गुडघा तिच्याकडे असेपर्यंत ती धावू शकत नव्हती. गुडघा दुसऱ्या कोणी घेतला तर ती धावू शकत होती. शनिवारचा सामना संपण्याच्या आत घेतला तरच. नंतर जागा गोठणार होत्या.

मी तिला म्हटले, "उर्मिला, तू कोणाला विचारलेस का?"

"नाही, सर."

"का?"

"मला विचारलं होतं तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. मला वाटलं, जर्सी घेतेस का विचारतात. मी घेते म्हणाले." ती गुडघ्याची पट्टी सोडत होती. "असं मी कोणाला विचारणार नाही."

तिचे म्हणणे बरोबर होते, आणि बरोबर म्हणण्याने तिचे नुकसान होणार होते. असे अनेकदा होते.

तिने विचारले नाही म्हणून मी मुलींना एकत्र बसवले आणि गुडघ्याची सर्व माहिती दिली. जिना उतरताना काय होते, थंडीत काय होते, मांडी घालून जेवता येत नाही, हे सर्व सांगितले. काहीही लपवले नाही. मग कोण घेईल असे विचारले.

"सर, माझ्याकडे खांदा आहे," यास्मिन म्हणाली. "एकीला दोन दुखणी? रेशनवर तरी माणशी एक देतात."

मधल्या मुलीने आपली दोन बोटे वर केली आणि खाली घेतली.

मंदा डोईफोडे ही राखीव खेळाडू होती. तिच्याकडे जागा नव्हती, म्हणून दुखापतही नव्हती. सर्वांनी तिच्याकडे पाहिले.

"माझी वस्ती पठारावर आहे," मंदा म्हणाली. "रोज खिंड उतरून येते, चढून जाते. गुडघा घेऊन मी कॉलेजला कशी येऊ? मग गुडघा पण घरी आणि मी पण घरी."

"केतकी?" मी विचारले.

केतकीने मान वर केली नाही. "गुडघा घेऊन चढाई कशी करू, सर? मग गुण कोण आणणार?"

प्रत्येकीचे कारण खरे होते. खोट्या कारणांना उत्तर देता येते.

मी प्राचार्य ओगले यांच्याकडे गेलो. योगायोगाने विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे निरीक्षक श्री. मांडके तेथे चहा घेत होते. मी दोघांपुढे विषय मांडला.

"एखाद्या शिपायाकडे तात्पुरता कार्यभार देता येणार नाही का?" प्राचार्यांनी विचारले.

"मुलींचा संघ आहे, साहेब," मांडके म्हणाले.

"मग आमच्या ग्रंथपाल बाई आहेत."

"वयात बसत नाहीत. शिवाय तात्पुरता कार्यभार गुडघ्याला समजत नाही. तो पूर्ण दुखतो."

"मी स्वतः घेण्यास तयार आहे," मी म्हणालो.

"आपण संघात नाही," मांडके म्हणाले. ते खरे होते. शिकवणारा संघात नसतो.

प्राचार्यांनी थोडा विचार केला. "शनिवारनंतर जागा रिक्त दाखवली तर? म्हणजे मुलीचाही प्रश्न सुटेल."

"दाखवता येईल. तशी तरतूद आहे. रिक्त जागेची दुखापत संस्थाप्रमुखांकडे वर्ग होते."

प्राचार्यांनी टेबलाखाली आपला उजवा पाय जरा जवळ घेतला.

"जागा भरलेली असणे केव्हाही चांगले," ते म्हणाले.

शनिवारी सामना आमच्याच मैदानावर झाला. पंच बाहेरगावचे होते आणि श्री. मांडके देखरेखीला बसले होते. मी नेहमीप्रमाणे मुलींना डोळे मिटून प्रार्थना करायला लावली. काय मागावे हे मी कधी सांगत नाही. त्या दिवशी मला स्वतःलाही ते नीटसे ठरवता आले नाही.

समोरच्या संघाची चढाई करणारी उंच आणि शांत होती. तिने एका फेरीत आमची साखळी पाहून घेतली आणि दुसऱ्या फेरीपासून ती फक्त उजव्या कोपऱ्याकडे येऊ लागली. उर्मिला वेळेवर खाली वाके, पण वेळेवर उठू शकत नसे. बाकीच्या तिला वाचवायला पुढे होत आणि साखळी मधोमध तुटे. केतकी जाऊन गुण आणी. ते त्याच पावली परत जात. मध्यंतराला आम्ही पुष्कळ मागे होतो.

मुली बाहेर आल्या आणि रांगेने मातीत बसल्या. उर्मिलाने पट्टी सोडली. गुडघा नारळाएवढा झाला होता. ती तो दोन्ही हातांनी दाबून पुन्हा पट्टी बांधू लागली, आणि तिला ती बांधता येईना.

"ताई, दे इकडं," मंदा म्हणाली आणि पट्टी धरून तिच्यासमोर बसली. मग पट्टी तशीच हातात ठेवून म्हणाली, "ताई, विचार मला."

"काय विचारू?"

"तेच. लवकर विचार. मी फार वेळ हो म्हणणारी नाही."

"तुझी खिंड?"

"खिंड कुठं जातेय? मी सावकाश जाईन. तू विचार गं, शिट्टी होईल."

"मंदा, हे दुखतं. खूप दुखतं."

"सरांनी सांगितलंय सगळं. मांडी घालता येत नाही. आमच्यात बायका तशाही शेवटी उभ्या उभ्याच जेवतात."

यास्मिन हसली. उर्मिलाने माझ्याकडे पाहिले. मी नियमाप्रमाणे बाजूला झालो.

मुली घाबरल्या होत्या. काय सोपवले जाते हे ठाऊक असताना ते पहिल्यांदाच त्यांच्यासमोर घडत होते. त्यांनी आपापल्या जागा घेतल्या तेव्हा काय घेतो आहोत हेच त्यांना कळले नव्हते. आणि घाबरल्यावर काय करायचे, हे त्यांना एकच शिकवलेले होते. त्यांनी हात धरले. मंदाचा डावा हात तिच्या शेजारणीने धरला, तिचा पुढलीने, आणि असे करत रांग थेट यास्मिनपर्यंत गेली. जागा घेताना दुसऱ्या कोणाला धरायचे नसते. जुन्या मुली अशा वेळी चार पावले दूर उभ्या राहत. हे नव्यांना सांगायचे राहून गेले होते.

रांगेच्या टोकाला केतकी पाणी पीत होती. यास्मिनने मोकळा हात पुढे करून तिचाही हात धरला.

केतकीला नियम ठाऊक होता. तिने तीन हंगामांत अशा पुष्कळ जागा बदलताना पाहिल्या होत्या. तिने खाली आपल्या हाताकडे पाहिले. मग यास्मिनच्या हाताकडे पाहिले. तिने पाण्याची बाटली खाली ठेवली. हात सोडला नाही.

"घेतेस?" उर्मिला म्हणाली.

"घेते," मंदा म्हणाली.

दोघींनी मातीला हात लावून कपाळाला लावला. उर्मिला उठून उभी राहिली. सातजणी एकदम उजव्या कुशीवर कलंडल्या.

समोरच्या संघाने हरकत घेतली. एका जागेची दुखापत सात खेळाडूंना कशी, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांची सहानुभूती खरी होती, पण न खेळता मिळणारी पुढे चालही त्यांना हवी होती. पंचांनी मांडके यांना बोलावले. मांडके यांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली.

"हात धरलेले होते का?"

"होते," पंच म्हणाले.

"मधे कोठे सुटले?"

"नाही."

"साखळीने केलेली पकड आपण किती धरतो?"

"एक."

"मग साखळीने घेतलेला गुडघाही एकच," मांडके म्हणाले. "जागाही एकच. सामना सुरू करा."

दुसऱ्या डावात मंदा उजव्या कोपऱ्यात उभी राहिली. पहिल्या चढाईला ती उंच मुलगी नेहमीप्रमाणे उजवीकडे आली. साखळी सरकली. सातही जणी डावा पाय टाकत, मग उजवा ओढून घेत. सातही जणींना तो एकाच वेळी ओढावा लागे. पुढे कोण झाली नाही, मागे कोण राहिली नाही. कारण पुढे होणे एकीलाही शक्य नव्हते. ज्या मुली महिनोन्‌महिने शिट्टीवर एक पाऊल टाकू शकल्या नव्हत्या, त्या शिट्टीवाचून टाकू लागल्या. उंच मुलगी वेढली गेली. तिने सुटायला पाहिले, पण सुटायला फट लागते.

उरलेल्या वेळात आमची साखळी एकदाही तुटली नाही. यास्मिनचा खांदा दुखतच होता आणि मधलीची बोटेही. ते आता सर्वांना दिसत होते, कारण पाय कुठे पडणार हे बघावे लागत नव्हते.

केतकी चढाईला गेली. ती मध्यरेषा ओलांडून लंगडत आत जाई आणि रिकाम्या हाताने परत येई. कित्येकदा तीच पकडली जाई. तिच्याविषयी मैदानाबाहेरून काही मुले काही बोलली. मी तिकडे वळून पाहिले आणि ती मुले गप्प झाली.

सामना आम्ही हरलो. साखळीने पकडीत मिळवले ते चढाईने गमावले. मध्यंतराचे अंतर होते तेवढेच राहिले. शेवटची शिट्टी झाली आणि जागा गोठल्या.

उर्मिला सीमारेषेबाहेर दोन्ही पायांवर उभी होती. अशा उभे राहण्याची तिला सवय नव्हती. ती एकदा या पायावर भार देई, एकदा त्या.

सोमवारी उर्मिला पहाटेच्या गाडीने पुढे गेली आणि मी मागून जिल्ह्याच्या गावी गेलो. सातजणीही आल्या. मी येऊ नका म्हटले होते. एस.टी.त चढताना त्यांना वेळ लागला, त्यामुळे आम्ही पोहोचलो तेव्हा उर्मिलाची तुकडी धावण्याच्या रेषेवर उभी होती. मैदानाला तारेची जाळी होती. आम्ही जाळीबाहेर उभे राहिलो.

बार झाला आणि मुली धावल्या. उर्मिला लंगडत धावत होती.

प्रथम मला वाटले की सोपवण्यात काही चूक झाली. मग ध्यानात आले. तिच्या पायाला काहीही झालेले नव्हते. तिला धड गुडघ्याचा अनुभव नव्हता, एवढेच. तीन वर्षे ती ज्या पायावर चालली तो पाय अजून तिच्या चालण्यात होता. उजवा पाय जपून टेकवायचा, झटकन उचलायचा, भार डाव्यावर घ्यायचा. पहिल्या वळणावर ती शेवटून दुसरी होती. पहिल्या फेरीच्या अखेरीस शेवटची.

ती आमच्यासमोर आली तेव्हा मंदाने जाळीत बोटे अडकवली.

"उर्मिलाताई!" ती ओरडली. "गुडघा आमच्याकडे आहे गं!"

उर्मिलाने ऐकले नाही.

मग सातहीजणी ओरडल्या. जाळीशेजारच्या पोलिसाने हात वर केला, त्यांनी मानले नाही. "गुडघा आमच्याकडे आहे! ताई, आमच्याकडे आहे!" सर्वांत मोठा आवाज केतकीचा होता.

उर्मिलाने धावता धावता खाली पाहिले. स्वतःच्या पायाकडे पाहिले. मग आमच्याकडे, जाळीपलीकडे एकाच बाजूला कललेल्या त्या रांगेकडे पाहिले. तिने उजवा पाय पूर्ण टेकवला. काही झाले नाही. तिने तो पुन्हा टेकवला.

त्यानंतर ती कशी धावली हे मी सांगू शकत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा ती रेषेपलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि घड्याळ धरलेले हवालदार तिच्या छातीवरचा क्रमांक पुकारत होते. ती वेळेत आली होती.

थोड्या वेळाने ती जाळीपाशी आली. कोणी रडले नाही. तिने मंदाला विचारले, "दुखतोय का?"

"दुखतोय की. रात्री जास्त."

"खाली उशी घ्यायची. पायाखाली नाही, पोटरीखाली. जिना उतरताना आधी हा पाय, चढताना आधी तो. सकाळी उठल्या उठल्या लगेच उभं राहायचं नाही, आधी बसून हलवायचा." सातजणी मान डोलावत होत्या. तीन वर्षांत शिकलेले सर्व तिने जाळीतून सांगितले. मग तिला पुढल्या चाचणीला बोलावले आणि ती गेली. बोलावणाऱ्याला थांबावे लागू नये म्हणून धावत गेली.

आम्ही परतीची एस.टी. धरली. गाडी भरलेली होती. मुली एकामागून एक, डावा पाय आधी टाकून, दांड्याला धरून वर आल्या. कंडक्टर पाहत होता.

"सगळ्याच?" त्याने विचारले.

"सगळ्याच," यास्मिन म्हणाली.

"अपंगांच्या जागा दोनच आहेत, पोरींनो."

"एक पुरेल, मामा. गुडघा एकच आहे."

कंडक्टरने विचार केला आणि राखीव जागेवर बसलेल्या एका धडधाकट गृहस्थांना उठवले. "मग एकीनंच बसायचं," तो म्हणाला. "बाकीच्यांनी उभं राहायचं. नियम नियम आहे."

मुलींना ते पटले. केतकी आधी बसली. पहिला थांबा आला तेव्हा ती उठली आणि मंदा बसली. पुढल्या थांब्याला मंदा उठली. गाव येईपर्यंत त्यांनी असेच केले. मी मागे उभा होतो. कंडक्टर प्रत्येक थांब्याला त्यांची अदलाबदल पूर्ण होऊ देई आणि मगच घंटी मारी.